परत येणं म्हणजे पळून येणं असतं का?

(ज्यांच्याकडे रेंज नाही, डेटा संपलाय किंवा एसटीच्या आवाजात काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले होते ते तेवढं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कानात हेडफोन घातलेत ना? मग चला.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. ती परदेशात व्हॉलंटिअर म्हणून जायचं ठरवतेय. तिने विचारलं, "ताई, तू तिकडून मध्येच परत आलीस ना? मग ते वाया गेलं असं वाटतं का?"

मी तीनदा उत्तर रेकॉर्ड केलं आणि तीनदा डिलीट केलं. म्हटलं, याचा एक अख्खा भागच करूया. आज तीन गोष्टी सांगणार आहे. जगात मोठं संकट आलं की परदेशातल्या स्वयंसेवकांना असं एका रात्रीत का परत बोलावतात? परत आल्यावर डोक्यात नेमकं काय होतं? आणि जाणाऱ्याने आधीच काय तयारी करून ठेवावी? मध्ये मध्ये माझी गोष्ट येईल, कारण तिच्याशिवाय हे सांगताच येणार नाही.

आधी गावाबद्दल

मी नेसरीची. तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. बाहेर कुणालाही "नेसरी" म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "अरे, ती खिंडवाली नेसरी!" तीच. २४ फेब्रुवारी १६७४. सरनौबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोल खानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण तिथेच पडले. आदल्या वर्षी उमराणीला प्रतापरावांनी याच खानाला कोंडीत पकडून सोडून दिलं होतं. ते शिवाजी महाराजांना अजिबात पटलं नव्हतं, आणि तो बोल त्यांच्या मनाला लागला होता.

आम्ही हे शाळेपासून ऐकत मोठे झालो. आमच्या गावाची ओळखच मागे न फिरणाऱ्या सात जणांवर उभी आहे. आणि त्या गावातली मी मात्र मागे फिरले. हे डोक्यात ठेवा, शेवटी परत इथे यायचंय.

केनिया, ऊस आणि चपाती

२०१९ च्या मध्यात मी केनियाला गेले. पश्चिमेला किसुमूच्या बाजूला, मुहोरोनी आणि चेमेलिल हा साखर कारखान्यांचा पट्टा आहे. तिथल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायचं काम होतं. पहिल्या दिवशी गाडीतून बाहेर बघितलं तर दोन्ही बाजूंना ऊस. रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर, मागे धावत कांडी ओढणारी पोरं. मी आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचंच दिसतंय की!"

तिथे गूळही करतात. आणि चपाती तर घराघरांत, नावही चपातीच! ब्रिटिशांनी मोंबासापासून किसुमूपर्यंत रेल्वे टाकली तेव्हा इथून सुमारे ३२ हजार मजूर तिकडे नेले होते. १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला पोचले. रेल्वेबरोबर आपली पोळीसुद्धा पोचली.

शाळेतल्या चार मुली संध्याकाळी जादा तासाला यायच्या. त्या फॉर्म फोरला होत्या, म्हणजे आपल्या बारावीसारखं वर्ष. शेवटी बोर्डाची परीक्षा. त्यांना मी शब्द दिला होता की परीक्षेपर्यंत मी इथेच आहे. फळ्यावर त्रिकोणमिती अर्धी झाली होती.

सहा दिवस

आता तारखा नीट ऐका.

१३ मार्च २०२०, शुक्रवार. केनियात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. १५ मार्च, रविवार. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी टीव्हीवर शाळा बंद केल्याचं सांगितलं. रोज घरून येणाऱ्यांची शाळा सोमवारपासून बंद, वसतिगृहातल्यांनी बुधवारपर्यंत घरी जायचं. मुली लोखंडी पेट्या घेऊन निघाल्या. सगळ्यांना वाटत होतं, तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे. माझ्या चौघी फाटकातून हात करून गेल्या. मी म्हटलं, "तुताओनाना." स्वाहिलीत याचा अर्थ 'पुन्हा भेटू'. निरोपाला वेगळा शब्द आहे, 'क्वाहेरी'. तो कुणाच्या मनातही आला नव्हता.

१८ मार्च, बुधवार, सकाळी साडेसहा. संस्थेचा ईमेल. सगळ्या परदेशी स्वयंसेवकांनी देश सोडायचा आहे, गाडी अकराला येईल. माझ्यासोबत काम करणाऱ्या बाई धावत आल्या. माझी बॅग त्यांनीच भरली. मी खडू, किल्ल्या आणि मुलींच्या वह्या त्यांच्या हातात दिल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पोले साना." 'पोले' हा फार चांगला शब्द आहे. कुणाला ठेच लागली, कुणाचं माणूस गेलं, कुणी दमून आलं, सगळ्याला 'पोले'. तुझं दुःख मला दिसतंय, असा त्याचा अर्थ.

१९ ला रात्री नैरोबीहून विमान, दुबईमार्गे. २० ला मुंबई. २२ मार्चपासून भारताने बाहेरून येणारी प्रवासी विमानं उतरवणं बंद केलं. २५ ला केनियानेही आपलं दार लावलं. म्हणजे दार बंद होताना मी जेमतेम आत शिरले होते.

एवढी घाई का?

तेव्हा मला संस्थेचा प्रचंड राग आला होता. वाटलं, गरज असतानाच पळायला सांगतायत! नंतर शांतपणे वाचलं, लोकांशी बोलले, तेव्हा त्यामागचं गणित कळलं.

एक म्हणजे, स्वयंसेवकाच्या सुरक्षिततेची सगळी हमी 'गरज पडली तर विमानाने बाहेर काढू' यावर उभी असते. आकाशच बंद झालं तर ती हमी संपते. त्यामुळे विमानं चालू असतानाच निर्णय घ्यावा लागतो, आणि तेव्हा बाहेरून बघणाऱ्याला तो उतावीळ वाटतो.

दोन, ग्रामीण भागात अतिदक्षतेच्या खाटा मोजक्याच असतात. मी आजारी पडले असते तर कुणाची तरी खाट अडवली असती. मदतीला गेलेला माणूस ओझं होतो तो असा.

तीन, हे मला सगळ्यात उशिरा पटलं. तेव्हा विषाणू विमानाने फिरत होता आणि परदेशी, फिरता माणूस म्हणजे मीच होते. गावाला माझ्यापासून धोका जास्त होता.

आणि हे फक्त माझ्या छोट्या संस्थेचं नव्हतं. अमेरिकेची पीस कोअर १९६१ मध्ये सुरू झाली. तिचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत आपल्या भारतातही काम करत होते. त्या संस्थेने १५ मार्च २०२० ला जगभरातले सगळे स्वयंसेवक परत बोलावले. साठहून जास्त देश, सुमारे सात हजार माणसं. तिच्या इतिहासात असं आधी कधीच झालं नव्हतं. पुन्हा पहिले स्वयंसेवक बाहेर गेले ते थेट मार्च २०२२ मध्ये, झांबियात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये.

जे अडकले त्यांचं काय झालं? भारत सरकारचं 'वंदे भारत' मिशन सुरू व्हायला ७ मे उजाडला. नौदलाच्या 'आयएनएस जलाश्व' जहाजाने मालदीवमधून ६९८ लोकांना कोचीला आणलं, ते १० मेला. मी दोन दिवस थांबले असते तर माझीही रांग त्यांच्याच मागे लागली असती.

हातावरचा शिक्का

मुंबई विमानतळावर तपासणी झाली. मी दुबईमार्गे आले होते, म्हणजे चौदा दिवस वेगळं राहणं सक्तीचं. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शिक्का मारला. शाई तीच, मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती. आदल्या वर्षी लोकसभेला मतदान करून त्याच शाईचा सेल्फी टाकला होता मी. या वेळी हात ओढणीखाली लपवला.

चौदाच दिवस का, तेही सांगते. लागण झाल्यावर लक्षणं बहुतेकांना पाच-सहा दिवसांत दिसायची, पण काहींना चौदा दिवसांपर्यंत वेळ लागायचा. म्हणून तेवढी वाट बघायची. 'क्वारंटाइन' हा शब्द मात्र चाळीसवरून आलाय. जुन्या काळी व्हेनिसमध्ये जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवायचे. आणि महाराष्ट्राने त्या मार्चमध्ये जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी केलेला. म्हणजे माझ्या हातावरच्या शिक्क्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास होता. तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं.

मामाच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याने आणलं. चारही काचा उघड्या, तोंडाला रुमाल, रात्रभर एक शब्द नाही. गडहिंग्लज मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. गावात शिरलोच नाही, गाडी सरळ मळ्याकडे वळली.

अण्णांनी वैरणीची खोली रिकामी करून शेणाने सारवून ठेवली होती. ते बांधावरच उभे राहिले. आई त्यांच्या मागे पदर तोंडाला लावून. नऊ महिन्यांनी भेटतोय आणि मधे वीस पावलं. कुणी पुढे आलं नाही. मीच ओरडले, "येऊ नका!"

आज्जी मात्र काठी टेकत जरा पुढे आली आणि म्हणाली, "आलीस न्हवं बाय? बास्स."

पुढचे चौदा दिवस ती रोज संध्याकाळी बांधावर बसायची. एकदा म्हणाली, "हे काय नवं न्हाई गा. माझी सासू सांगायची, पिलेग आला की आख्खं गाव रानात खोपी घालून ऱ्हायचं. मानमोडीत तर घरात पाणी द्यायला माणूस उरलं नव्हतं." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. तीही बाहेरून, मुंबई बंदरातून देशात शिरली होती, आणि देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. आज्जीच्या दृष्टीने मी आजारी नव्हते आणि गुन्हेगारही नव्हते. मी फक्त खोपीत राहायला आले होते.

गावाचं मात्र तसं नव्हतं. "आफ्रिकेतनं रोग आणला" हे वाक्य तीन दिवसांत माझ्यापर्यंत पोचलं. दुधाच्या रांगेत अण्णांना लांब उभं केलं. ज्या पोरीचा गेल्या वर्षी नारळ देऊन सत्कार केला होता, तिच्याच खोलीकडे बघत लोक रस्ता बदलून जायला लागले. मला राग आला का? आला. पण त्यांच्या भीतीला कारण होतं, हेही खरं होतं.

डोक्यात काय होतं

चौदा दिवस संपले, शिक्का पुसट झाला. मला वाटलं, संपलं. पण खरा त्रास तिथून सुरू झाला. झोप नाही. कुणी "कशी होती आफ्रिका?" विचारलं की चिडायचे. आईने गरम भाकरी वाढली की त्या चौघींनी आज काय खाल्लं असेल हे डोक्यात यायचं. मी विमानात बसू शकले कारण माझ्याकडे वेगळ्या देशाचा पासपोर्ट होता आणि तिकीट काढणारी संस्था होती. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. हा सल कुणाला सांगायचा?

पुढे वाचताना दोन कल्पना सापडल्या. कामाच्या आहेत, म्हणून सांगते.

पहिली, 'डब्ल्यू कर्व्ह'. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांडलेली. परदेशी गेलेल्या माणसाचं मन आधी वर असतं, मग खाली जातं, मग रुळतं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांनी दाखवलं की घरी परत आल्यावर हीच चढउतार पुन्हा होते. इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी. म्हणजे आपल्याच गावात परकं वाटणं हा आजार नाही. बहुतेक परतणाऱ्यांच्या वाटेवर ते येतं. ठरल्या वेळी परत येणारा निदान मनाची तयारी करून येतो. आम्हाला त्यासाठी साडेचार तास मिळाले होते.

दुसरी कल्पना पॉलीन बॉस यांची, 'अँबिग्युअस लॉस'. ज्या दुःखाला नीट शेवट नाही, असं दुःख. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत १९७० च्या दशकात काम करताना त्यांना हे दिसलं. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही. त्यांचं दुःख कुठे आणि माझं कुठे, तुलनाच नाही. पण मला एक गोष्ट कळली. जे नीट संपलेलं नसतं ते आतल्या आत चालूच राहतं. माझं 'क्वाहेरी' म्हणायचं राहिलं होतं.

मग मी काय केलं

एप्रिलच्या शेवटी मी त्या बाईंना फोन केला. त्यांच्या फोनवरून तीन मुलींशी बोलणं झालं. मी वहीत गणित सोडवून फोटो पाठवायचे, बाई तो मुलींपर्यंत पोचवायच्या. डेटा महाग होता, म्हणून व्हिडिओ नाही, फक्त फोटो आणि एक मिनिटाचे व्हॉइस मेसेज. हो, या पॉडकास्टची सुरुवात तिथेच झाली! सायन-कोसायन एका मिनिटात समजवायला लागलं की बोलणं आपोआप सरळ होतं.

केनियात परीक्षेचे वर्ग ऑक्टोबर २०२० मध्ये उघडले, बाकीची शाळा जानेवारी २०२१ मध्ये. बोर्डाची परीक्षा मार्च-एप्रिल २०२१ मध्ये झाली. माझ्या तिघींनी ती दिली.

चौथीचा फोन कधीच लागला नाही. बाई म्हणाल्या, ती मावशीकडे दुसऱ्या गावी गेली आणि परत आलीच नाही. तिचं नाव मी इथे घेणार नाही. मी तिथे असते तर ती शाळेत आली असती का? मला ठाऊक नाही. शाळाच बंद होती, हे स्वतःला समजावते. कधी पटतं, कधी नाही पटत.

आणि इकडे मे महिन्यात मुंबईकर यायला लागले. आमच्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात घरटी एक माणूस मुंबईला असतो म्हटलं तरी चालेल. कुठे कुठे रस्त्यावर आडवी लाकडं पडली, शाळांचे वर्ग क्वारंटाइनसाठी घेतले. दोन महिन्यांपूर्वी मला जसं बघत होते तसंच आता लोक त्यांच्याकडे बघत होते. मी आशाताईंना म्हटलं, मी येते. मी याद्या लिहायचे, आणि वर्गाच्या खिडकीपाशी उभी राहून आतल्यांना माझे चौदा दिवस सांगायचे. तिसऱ्या दिवशी रडू येतं. सातव्या दिवशी चिडचिड होते. दहाव्यानंतर वेळ जातो. एक काका म्हणाले, "पोरी, तू पहिलीच हाईस जी आमच्याशी बोलाय आलीस." केनियात मी काय शिकले असं कुणी विचारलं तर मी आता हेच सांगते. पोले म्हणायला शिकले.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

मैत्रिणी, हे खास तुझ्यासाठी.

पोचल्या पोचल्या त्या देशातल्या भारतीय दूतावासात नाव नोंदव. संकटात आधी नोंदलेल्यांनाच शोधलं जातं.

संस्थेला जायच्या आधी विचार: परत बोलावलं तर तिकीट कोण काढणार, विमा कुठपर्यंत चालणार, परत आल्यावर बोलायला कुणी असेल का? उत्तर लेखी घे.

कामाची एक वही पहिल्या दिवसापासून ठेव. कुठपर्यंत झालं, पुढे काय, किल्ली कुणाकडे. तू उद्या नसलीस तरी काम दुसऱ्याला उचलता आलं पाहिजे. माझ्याकडे ही वही नव्हती. फळ्यावरची अर्धी त्रिकोणमिती तशीच राहिली.

आणि "शेवटपर्यंत आहे" असा शब्द कुणाला देऊ नकोस. "आहे तोवर पूर्ण आहे" एवढाच दे. तेवढा पाळता येतो.

पुन्हा खिंडीकडे

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव ऐकलंय ना? १९३८ मध्ये जपानने चीनवर हल्ला केलेला असताना भारतातून पाच डॉक्टर मदतीला गेले. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. ख्वाजा अहमद अब्बासांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. म्हणजे, एक जण परत आला नाही. व्ही. शांतारामांनी सिनेमा केला.

पण पाचातले चार परत आले! त्यातले एक डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे. त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? त्यांनी तिथे केलेलं काम, ते परत आले म्हणून खोटं ठरतं का?

आपल्याला न परतणाऱ्यांच्या गोष्टी आवडतात, आणि आवडाव्यातच. मी आजही खिंडीत गेले की चप्पल काढूनच पुढे जाते. पण परतणाऱ्यांची गोष्टसुद्धा कुणीतरी सांगायला हवी, नाहीतर परत आलेला प्रत्येक जण स्वतःला पळपुटा समजत बसेल. मी बरीच वर्षं समजत होते.

तर मैत्रिणी, वाया गेलं का? नाही. अर्धं राहिलं. अर्धं राहणं आणि वाया जाणं यातला फरक कळायला मला वेळ लागला, तुला लागू नये म्हणून हा भाग.

तुमच्यापैकी कुणी असं अचानक परतलं असेल, आखातातून, युक्रेनमधून, अगदी पुण्याची नोकरी सोडून गावाकडे, तर एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात ऐकूया.

तोपर्यंत, तुताओनाना!